घंटा वाजेपर्यंत

७ डिसेंबर, रविवार

बुटातून संत्रं काढता काढता हात थांबला. हे मी काल काढलं होतं.

संत्रं, अक्रोड, सोनेरी कागदातलं चॉकलेट. काल सकाळी, याच दाराबाहेर, याच बुटांतून. जर्मन रीतीप्रमाणे निकोलाउसचा दिवस सहा तारखेला. आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बूट घासून बाहेर ठेवायचे, सकाळी ते भरलेले असतात. लहानपणी फेलिक्सला ते खरं वाटायचं. आता तेहतिशीत तो आईसाठी ठेवतो. त्याच्या आईला, हाइकेला, ते हवं असतं. यंदा होणारी सून म्हणून चौथा जोड माझा.

पण ते काल झालं! आज बूट परत भरलेले कसे?

फेलिक्स मागून आला. बुटांकडे पाहिलं. मग वडिलांकडे, डीटरकडे. मग म्हणाला, "निकोलाउस ओव्हरटाइम करतोय." डीटर हसले. हाइकेने तर टाळ्या वाजवल्या. "झावनी, बघ ना, तुझ्या बुटात काय आहे!" कालही हेच म्हणाली होती. याच आवाजात. सावनी तिच्या जिभेवर कधी बसलं नाही, झावनीच.

मी पण हसले. संत्रं सोललं. गोड होतं.

दुपारी दुसरा ॲडव्हेंट. टेबलावर पाइनच्या पानांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक जास्त पेटवायची. हाइकेने पहिली पेटवली. दुसरी. तिसरी. डीटरनी तिसरी फुंकली, चेष्टा केल्यासारखी. संभाषण चालू राहिलं.

डोंगर उतरताना गाडीत फेलिक्सने रेडिओ लावला. ॲडलेड येईपर्यंत मी तो ऐकत होते.

८ डिसेंबर

पुण्याहून आईचा फोन. हॅलोच्या आधीच, "पौषात कोणी लग्न करतं का?"

"काढीव मुहूर्त आहे, आई. दहा जानेवारी."

"काढीव म्हणजे ओढूनताणून. एप्रिलचं काय वाईट होतं?"

एप्रिलचं काहीच वाईट नव्हतं. हॉलसुद्धा पाहिला होता. ऑक्टोबरात एका संध्याकाळी फेलिक्स म्हणाला, जानेवारीत करू, आमच्या घरी, वर हिल्समध्ये. त्याच्या आईला ख्रिसमसचं झाड घरात असताना लग्न हवंय. मी हो म्हणाले. झाड असताना लग्न — मला ते सुंदर वाटलं होतं!

मग फोनवर माझ्या आईला चोवीस तारखेचं सांगितलं. सांगायला नको होतं. हाइके सकाळी बैठकीच्या खोलीत जाते आणि आतून किल्ली फिरवते. झाड ती एकटी सजवते. चिमट्यांनी फांद्यांना मेणबत्त्या लावते. खऱ्या. संध्याकाळी त्या पेटवते आणि छोटी पितळी घंटा वाजवते. घंटा वाजेपर्यंत आत जायचं नाही, डोकावायचं नाही, हाकही मारायची नाही. फेलिक्सच्या जन्मापासून हा नियम कोणी मोडलेला नाही.

"खऱ्या मेणबत्त्या? झाडावर? मी पणतीजवळ ओढणी नेली तर ओरडते, आणि ही बाई झाड पेटवते!"

"झाड नाही पेटवत. झाडावर पेटवते."

"तेच ते. आणि सासूला हाइके हाइके काय करतेस? निदान लग्नात तरी मावशी म्हण. लोक ऐकतील."

फोन ठेवल्यावर बुटांबद्दल लिहायला बसले. लिहिलं की डोक्यातून जाईल असं वाटलं होतं.

हाइके विसराळू नाही. ती विसरते आहे.

१० डिसेंबर

फेलिक्सला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

श्टोलेन कापला. मनुका घातलेला लांबट केक, वर पिठीसाखरेचा जाड थर. हाइके तो महिनाभर आधी भाजून कापडात गुंडाळून ठेवते. पहिला घास — वरची साखर विरघळली आणि खाली मीठ. चिमूटभर नाही. साखरेच्या जागी मीठ.

घास तोंडात धरून मी सगळ्यांकडे पाहिलं. फेलिक्स चावत होता. डीटर चावत होते. हाइके स्वतः कॉफी ओतत होती, तिने अजून घेतला नव्हता.

"मस्त झालाय," डीटर म्हणाले. आणि दुसरा तुकडा घेतला!

टेबलाखाली मी फेलिक्सच्या पायाला पाय लावला. त्याने पाय काढून घेतला. मग हाइकेची बशी उचलली, तिचा तुकडाही स्वतःच खाऊन टाकला. "हावरट," ती म्हणाली आणि त्याच्या केसांत हात फिरवला.

किती सभ्य माणसं. सभ्यतेपायी एक दिवस जळून जातील आणि धुराला छान म्हणतील.

घरी येऊन मी दोन ग्लास पाणी प्यायले. फेलिक्सने तीन.

१७ डिसेंबर

यतिन गुरुजींशी व्हिडिओ कॉल. आठवडाभर डेटा इंजिनियर, शनिवार-रविवार गुरुजी. टी-शर्टवर आले होते.

"ताई, होम बाहेर म्हणताय, पण हिल्समध्ये जानेवारीत टोटल फायर बॅन असला तर बाहेर काडीपण नाही पेटवायची. एक ठिणगी उडाली तर मी न्यूजमध्ये."

"मग आत?"

"आत चालेल. छोटं कुंड आणतो. फक्त स्मोक अलार्मचं बघा. मागे एकांकडे सप्तपदीच्या मध्येच वाजला, नवरा सहाव्या पावलावर अडकला."

फेलिक्स खूप हसला. मीही. मग गुरुजींनी विचारलं, खोलीत अजून काय काय असेल? फेलिक्स म्हणाला, झाड. तीन आठवड्यांचं. वाळलेलं.

गुरुजींनी काहीतरी लिहून घेतलं. "झाडापासून जरा लांब बसू," म्हणाले.

१८ डिसेंबर

चोवीस तारखेच्या हवामानाचा अंदाज आला. एक्केचाळीस अंश. उत्तरेचा वारा, वाळवंटाकडून येणारा, गरम.

२० डिसेंबर

एकटीच वर गेले. लग्नासाठी कपाटं रिकामी करायची होती, फेलिक्सला शिफ्ट होती. डीटर छपराच्या पन्हाळीतून गमट्रीची, म्हणजे निलगिरीची, पानं काढत होते. शिडीवरूनच हात केला. अंगणभर होजपाइप अंथरलेले. या डोंगरात वणव्याच्या भीतीने उन्हाळ्यात सगळेच हे करतात. 

हाइके लाँड्रीत, घरातल्या धुण्याच्या खोलीत होती. मेणबत्त्यांचे चिमटे धुऊन ओळीने वाळत घातले होते. तिने ओट्यावरची एक जुनी मेणबत्ती घेतली, वात नीट आहे का पाहायला. काडी ओढली. आणि थांबली. काडी जळत खाली येत होती आणि ती तिच्याकडे पाहत होती, एखाद्याचं बोलणं ऐकावं तशी. ज्योत बोटाला लागली तरी हात हलला नाही.

मी फुंकलं. तिचा हात नळाखाली धरला. कातडीचा वास.

तेव्हा तिचं तिला कळलं. तोंड कसं झालं! ते लिहिता येत नाही.

"डीटरला सांगू नकोस," ती म्हणाली. "म्हातारी म्हणेल मला."

"नाही सांगणार."

"फेलिक्सलाही नको. त्याचं लग्न आहे."

माझंही आहे, मनात आलं. पण तिने माझं मनगट धरलं होतं. मी वचन दिलं.

नंतर तिला माझी साडी दाखवली. मोबाइलवर फोटो, अबोली रंगाची पैठणी. फार वेळ पाहत राहिली. म्हणाली, "मी तुझ्या बाजूला बसले तर चालेल? विधी चालू असताना? मला काही कळणार नाही, पण मी बसेन."

चालेल म्हणाले. गाडीत बसून रडले.

२१ डिसेंबर, रविवार

चौथा ॲडव्हेंट. चारही मेणबत्त्या. आज काही चुकण्यासारखं नव्हतं. बोटाला पट्टी. "ओव्हनला लागलं," हाइके म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन दिवस उरले. सांगितलं तर मी लग्नाआधीच सासूत खोट काढणारी. तीही परक्या देशातून आलेली, सणाचा नियम न कळणारी. नाही सांगितलं तर — बंद खोली, वाळकं झाड, काडीपेटी. आणि ती, काडीचं बोलणं ऐकत.

२२ डिसेंबर

मी काम करते ती लायब्ररी सुट्टीसाठी बंद झाली. फेलिक्स मला घ्यायला आला. सिग्नलला मी सुरुवात केली, "तुझी आई—"

"पेट्रोल घ्यायला हवं," तो म्हणाला.

टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

२३ डिसेंबर

राहायला वर आलो. पाइन आणलंय. जाळीत बांधलेलं, माझ्याहून उंच. हात लावला तर सुया झरझर खाली. कापून किती दिवस झाले कोण जाणे.

फोनवर सूचना — उद्या टोटल फायर बॅन.

"बाहेरच्यासाठी असतो तो," फेलिक्स म्हणाला. "घरात मेणबत्ती लावायला बंदी नाही."

"यंदा इलेक्ट्रिकच्या लावू या? माळ मिळते."

"मेणबत्त्या तिच्या आईच्या झाडावर होत्या. तिच्या आजीच्यापण." मग हळू आवाजात, "हे तिच्याकडून काढून घ्यायला सांगू नकोस."

मी सांगितलंच नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.

२४ डिसेंबर, दुपार

सकाळी हाइके आत गेली. किल्ली फिरल्याचा आवाज झाला. खिडक्यांचे रोलर शटर खाली आले, एकेक, खोलीत रात्र करण्यासाठी. बाहेर ऊन पांढरं झालंय. पक्षी चोच उघडी टाकून पाण्याच्या भांड्याजवळ बसलेत. वारा दार धडकवतो आणि प्रत्येक वेळी मी उठते.

आईचा मेसेज — "मावशींना सांग जपून. आणि तू दाराजवळ बस."

दाराजवळ बसलेय.

मधूनच आत पावलं वाजतात. ती गुणगुणते. गुणगुणणं थांबलं की मी श्वास धरते. स्वयंपाकघरातून डीटर विचारतात, "ऐकू येतंय?" येतंय, म्हणते. ते परत बटाटे सोलायला लागतात. त्यांनी एवढे बटाटे सोललेत की वीस माणसं जेवतील.

त्यांनी तसं का विचारलं?

२४ डिसेंबर, संध्याकाळ

पाहुण्यांच्या खोलीत बसून लिहितेय. 

सहाला घंटा व्हायची. दरवर्षी सहाच्या आसपास होते. आम्ही तिघं कपडे बदलून स्वयंपाकघरात. मेणाचा वास दाराखालून यायला लागला. म्हणजे पेटवल्या. आता घंटा.

घंटा नाही.

डीटर नॅपकिनची घडी घालत होते. उलगडत होते. परत घालत होते. फेलिक्स भिंतीला टेकून उभा.  आत गुणगुणणंही नाही.

"हाक मारू या," मी म्हणाले.

"घंटा झाली नाही," फेलिक्स म्हणाला. तोंड पांढरं पडलेलं.

मग वास बदलला. मेण नाही. पाइन. जळणाऱ्या पाइनचा गोडसर वास.

मी दारावर दोन्ही हातांनी मारलं. "दार उघडा! उघडा दार!" मराठीत. हाइकेला अहोजाहो! आतून काही नाही. मी फेलिक्सकडे वळले, दार फोड म्हणून. तेवढ्यात डीटरनी मला हळूच बाजूला केलं. खिशातून किल्ली काढली.

दुसरी किल्ली. नवी, चकचकीत. बाहेरून लावली, फिरवली. आतली किल्ली फरशीवर पडल्याचा आवाज झाला. दार उघडलं.

अंधाराच्या मधोमध झाड. सगळ्या मेणबत्त्या पेटलेल्या, सरळ, एकही वाकडी नाही. गवताच्या चांदण्या, लाल सफरचंदं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं आणि मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मेणबत्त्या फार खाली आल्या होत्या. एका फांदीचं टोक काळं पडून धुमसत होतं.

हाइके खुर्चीत बसलेली. मांडीवर घंटा. आमच्याकडे पाहून हसली.

"किती सुंदर! कोणी केलं?"

कोणी ओरडलं नाही. फेलिक्सने सोफ्यामागून बादली काढली. एक नाही, तिथे चार बादल्या होत्या, भरलेल्या. त्याने ओल्या फडक्यात ती फांदी दाबली. डीटरनी खालच्या मेणबत्त्या विझवल्या, वरच्या तेवढ्या ठेवल्या. झटपट, न बोलता, ठरलेलं असल्यासारखं. छतावरच्या अलार्मचा हिरवा दिवा चालू होता. दोघांच्याही हालचालीत आश्चर्य नव्हतं!

हाइकेने घंटा माझ्यापुढे धरली. "ही कशाची?"

"वाजवायची," मी म्हणाले. "आम्ही बाहेर गेलो की."

डीटरनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे वळले. आम्ही तिघं बाहेर गेलो. दार लोटलं. काळोख्या पॅसेजमध्ये उभे राहिलो, खांद्याला खांदा लावून. डीटरचा खांदा थरथरत होता.

घंटा वाजली.

आत आलो. "ओऽ!" म्हणालो, तिघंही. हाइकेने टाळ्या वाजवल्या. त्यांनी गाणं म्हटलं. मला शब्द येत नव्हते, मी ओठ हलवले.

जेवण झाल्यावर फेलिक्सला व्हरांड्यात गाठलं. वारा फिरला होता, दक्षिणेचा, पहिल्यांदा थोडा गार.

"कधीपासून?"

"दीड वर्ष. निदान होऊन."

"आणि बूट?"

"तिने नुसते बाहेर ठेवले होते, परत. पपांनी पाहिले. रिकामे बघून ती घाबरली असती. म्हणून त्यांनी भरले."

श्टोलेन. तिसरी मेणबत्ती. पेट्रोल. सगळं ओळीने आठवलं. महिनाभर मी एकटी घाबरत होते आणि शेजारी दोन माणसं तेच करत होती.

"एप्रिलचं जानेवारी का झालं?"

तो व्हरांड्याच्या कठड्यावर बसला. मग डॉक्टरांचं सांगितलं. जुनं बरंच टिकतं, म्हणाले होते. नवीन आधी जातं.

"नवीन म्हणजे मी."

"लग्नात तरी तिला कळावं, तू कोण ते. एवढंच. एप्रिलची खात्री नव्हती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा म्हणालीस, तुमच्या घरात किती शांत वाटतं. ते परत ऐकायचं होतं मला." मग, "आणि तू गेली असतीस."

"तुला काय माहीत मी गेले असते की नाही! तू मला विचारलंच नाहीस. लग्नाची तारीख विचारलीस, हे नाही!"

तो रडत होता. मी जवळ गेले नाही. आई-बाबा दोन तारखेला येतायत. आईने सगळ्या गल्लीला सांगितलंय. तिला काय सांगू? पौषाचं तुझं बरोबर होतं? आणि मला काय हवंय? असं घर, जिथे रोज दाराला कान लावून बसायचं? वर्षानुवर्षं? आणि आत ती, मला न ओळखणारी?

उद्या सकाळी सांगते, म्हणाले. लग्न करायचं की नाही ते.

फेलिक्स सोफ्यावर झोपलाय. विझलेल्या झाडाखाली.

२५ डिसेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी जाग आली. हवा गार होती. दार उघडलं. बाहेर बूट होते. घासलेले, ओळीने लावलेले. रिकामे. तीन जोड. माझा नव्हता. माझे बूट कपाटातच होते.

स्वयंपाकघरात अक्रोड सापडले. संत्री संपली होती, चेरी घेतल्या. तिन्ही जोड भरले. मग माझे बूट आणून शेवटी ठेवले. रिकामेच. ते फेलिक्सने भरायचे.